अद्भुत सत्याचा व्यापारी : रॉबर्ट रिप्ले

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या पिढीचा एक अनुभव मंडळाच्या बहुतेक सभासदांना आपलाच वाटेल. मराठी वृत्तपत्र टपालाने येई, आणि ते दारात पडेपर्यंत त्यातील बातम्यांना तीन-चार दिवस उलटून गेलेले असत. त्यामुळे सकाळचा चहा इंग्रजी वृत्तपत्राच्या सोबतीनेच घ्यावा लागे. घरातील वडील मंडळी अग्रलेख वाचीत. आम्हां मुलांचे लक्ष असे ते आतल्या पानावरील चित्रांच्या एका चौकटीकडे. त्या चौकटीत जगातील नाना अजब गोष्टी एकत्र नांदत. कुठे उलटे धावणारा मनुष्य, कुठे एकाच वृक्षाच्या लाकडातून उभारलेले प्रार्थनामंदिर, कुठे टाचण्या आणि खिळे गिळूनही शेपूट हलवीत उभा असलेला कुत्रा. वर जो मथळा असे त्याचा अर्थ, विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, असा. आणि कोपऱ्यात ठसठशीत सही : रिप्ले. आमचे आजोबा ती चौकट ऐकून नुसते हसत. त्यांच्या मते ही सारी साहेबाची थाप होती. छापले आहे म्हणजे खरेच असणार, असा आमचा बालहट्ट असे. तो वाद आमच्या घरी कधी मिटला नाही. पुढे रिप्लेचे चरित्र वाचनात आले तेव्हा ध्यानात आले की, त्या मनुष्याच्या साऱ्या आयुष्याचा मध्यवर्ती वादही हाच होता, आणि त्याचा निकाल लागला तो त्याच्या अखेरच्या तीन महिन्यांत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. तोही, आम्हांला नाइलाजाने म्हणावे लागते, आजोबांच्या बाजूने.

रिप्लेचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतातील सांता रोझा या गावी झाला. चरित्रकार १८९० हे वर्ष देतात; तो स्वतः मात्र १८९३ सांगत असे. जगभरच्या तारखा आणि आकडे बिनचूक असावेत म्हणून आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जन्मवर्षात तीन वर्षांची सूट घ्यावी, ही त्याच्याच चौकटीत शोभण्याजोगी गोष्ट आहे. पाळण्यातले नाव लिरॉय. वडील सुतारकाम करीत. १९०५ साली ते निवर्तले आणि आईवर तीन मुलांचा भार पडला. ती लोकांचे कपडे धुऊन आणि घरात भाडेकरू ठेवून संसार चालवी. पुढच्याच वर्षी झालेल्या भूकंपात सांता रोझा गाव बरेचसे जमीनदोस्त झाले. थोरला मुलगा लिरॉय शाळेत मागे पडलेला, लाजाळू, वरचे दात इतके पुढे आलेले की शब्द नीट उमटत नसत, त्यात बोलताना अडखळण्याची खोड. वर्गात उभे राहून निबंध वाचण्याची पाळी आली की तो गर्भगळीत होई. एका शिक्षिकेने ही व्यथा ओळखली आणि निबंधाऐवजी चित्रे काढून आणण्याची त्याला मुभा दिली. त्या बाईंनी केवढे काम करून ठेवले याची त्यांना तेव्हा कल्पना असणे शक्य नव्हते.

१९०८ मध्ये त्याने एक व्यंगचित्र न्यूयॉर्कच्या लाइफ साप्ताहिकाकडे धाडले. आठ डॉलर मिळाले. चित्रात एक देखणी तरुणी यंत्रातून ओले कपडे पिळून काढते आहे, आणि खाली घंटा वाजण्याच्या इंग्रजी शब्दांवर एक बेताची कोटी आहे. कोटी सोडून देऊ. परंतु धुणे धुऊन घर चालवणाऱ्या विधवेच्या मुलाने पहिली कमाई केली ती कपडे पिळणाऱ्या स्त्रीच्या चित्रावर, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. शाळा अर्धवट सोडून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रांत क्रीडाविषयक चित्रे काढू लागला आणि तेथून काही वर्षांत न्यूयॉर्कच्या ग्लोब या सायंदैनिकात पोहोचला. लिरॉय हे नाव सोडून रॉबर्ट हे नाव त्याने तेथेच पक्के केले. बेसबॉलचा खेळाडू होण्याची त्याची उमेद मात्र हाताला दुखापत झाल्याने संपली असे सांगतात.

१९ डिसेंबर १९१८ या दिवशी ग्लोबमध्ये जे चित्र छापून आले त्यातून पुढचा सारा डोलारा उभा राहिला, पण त्यामागे कसली प्रतिभेची वीज वगैरे चमकली नव्हती. हिवाळ्यात खेळ बंद, चित्राला विषय नाही, आणि पान भरणे तर भाग. रिप्लेने जवळच्या कात्रणांतून खेळांतील काही विक्षिप्त विक्रम वेचले. शंभर यार्ड अंतर चौदा सेकंदांत उलटे धावणारा एक गृहस्थ, तेच अंतर एका पायावर लंगडी घालीत कापणारा दुसरा, पाण्याखाली सहा मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून राहिलेला एक फ्रेंच मनुष्य, अशी मंडळी त्याने एका चित्रात कोंबली. पहिले शीर्षक निराळेच होते. विश्वास ठेवा अथवा ठेवू नका हे नाव पुढच्या वर्षी आले. लंगडीचा हा सन्मान पाहून आमच्या शाळेतील क्रीडाशिक्षक नक्कीच धन्य झाले असते.

१९२२ च्या अखेरीस वृत्तपत्राने त्याला जगप्रवासाला पाठविले. जपान, चीन आणि आग्नेय आशिया पाहून तो हिंदुस्थानात आला आणि काशीस पोहोचला. येथे मात्र या माणसाची पुरती तारांबळ उडाली. आजवर तो अजब गोष्टी कात्रणांत शोधीत होता; काशीच्या घाटावर त्या त्याच्यासमोर बसल्या होत्या. खिळ्यांच्या शय्येवर पडलेले बैरागी, वर्षानुवर्षे एक हात वर धरल्यामुळे तो हात वाळक्या फांदीसारखा झालेले तपस्वी, यांची चित्रे त्याने झपाट्याने काढली आणि अमेरिकेत ती कमालीची गाजली. त्याच्या चौकटीचे क्रीडा सदर संपून साऱ्या जगाचे कुतूहलघर झाले ते येथून. आपल्या यशाच्या मुळाशी काशी आहे असे कोणी म्हटले असते तर रिप्लेला ते नाकारता आले नसते.

आता, काशी म्हणजे आपल्याला परकी नव्हे. त्या घाटांत अहिल्याबाईंचा घाट आहे, भोसल्यांचा आहे, शिंद्यांचा आहे; ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. तेथील घरातल्या एखाद्या मराठी आजीला रिप्लेचे चित्र दाखविले असते तर तिला नवल वाटले असते ते त्या बैराग्याचे नव्हे, त्याचे चित्र काढण्यासाठी सात समुद्र ओलांडून आलेल्या साहेबाचे. वर हात धरून तप करणाऱ्यास आपल्याकडे ऊर्ध्वबाहू असा जुना शब्द आहे. ज्याला शब्द आहे ते अद्भुत कसले? रिप्लेने हात पाहिला, तो किती वर्षे वर होता हेही विचारले. तो कशासाठी वर धरला होता, आणि त्या माणसाचे नाव काय, गाव कोणते, हे त्याच्या चौकटीत मावले नाही. आम्ही परप्रांती राहणारी माणसे. आमच्या बोलण्याच्या ढंगाकडे, सणावारांकडे, जेवणाच्या पानातील चटणी-कोशिंबिरीच्या जागेकडे शेजाऱ्यांनी कौतुकाने बोट दाखविल्याचा अनुभव आम्हांला आहे. त्या कौतुकात वाईट काही नसते. तरीही आपण कोणाच्या तरी चौकटीत जाऊन बसलो आहोत असे क्षणभर वाटतेच.

प्रवासाहून परतल्यावर थोड्याच दिवसांत ग्लोब बंद पडले, रिप्ले दुसऱ्या दैनिकात गेला. पण १९२३ मधील त्याहून मोठी घटना म्हणजे नॉर्बर्ट पर्लरॉथची भेट. हा पोलंडमधून आलेला, बँकेत काम करणारा, चौदा भाषा वाचू शकणारा तरुण. रिप्लेला परदेशी भाषांतील मजकूर वाचून देणारा कोणी हवा होता. पर्लरॉथ आला तो कायमचाच. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या भव्य वाचनकक्षात तो सकाळी जाऊन बसे आणि रात्री उठे. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस. वर्षाकाठी सुमारे सात हजार पुस्तके तो चाळी असे सांगतात. मठांच्या जुन्या नोंदी, प्रवासवर्णने, जन्ममृत्यूची दप्तरे, कोठेही काही विलक्षण आढळले की टिपण करायचे, ग्रंथ आणि पृष्ठ नोंदवायचे आणि ते रिप्लेकडे धाडायचे. जगभर हिंडणारा म्हणून कीर्ती रिप्लेची झाली; परंतु त्या चौकटीतील पुष्कळसे जग पर्लरॉथने एका खुर्चीतून पाहिले होते. चित्राखाली सही अर्थातच एकाची.

या दोघांची जोडी जमल्यावर रिप्लेच्या चौकटीला एक निराळाच कणखरपणा आला. तो वाचकाला जणू आव्हान देऊ लागला की मला खोटे पाडून दाखवा. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला आणि सारी अमेरिका त्याच्या नावाने वेडी झाली. तेव्हा रिप्लेने छापले की, न थांबता अटलांटिक ओलांडून गेलेला लिंडबर्ग हा सदुसष्टावा मनुष्य. देशभर संताप उसळला. निषेधाची पत्रे लाखावर गेली म्हणतात. कित्येकांनी त्याला सरळ लबाड ठरविले. रिप्लेने शांतपणे हिशेब मांडला. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन हे दोघे विमानाने गेले. त्याच वर्षी इंग्रजांच्या एका वायुनौकेतून एकतीस जण, आणि १९२४ मध्ये जर्मन वायुनौकेतून तेहतीस. बेरीज सहासष्ट. एकट्याने जाणारा पहिला हे लिंडबर्गचे श्रेय त्याने हिरावून घेतले नव्हते; त्याने फक्त वाक्य असे रचले होते की वाचकाचा पारा चढावा आणि हिशेब पाहताच त्याने निमूट व्हावे. बफेलो बिलने उभ्या आयुष्यात एकही बफेलो मारला नाही, हे त्याचे विधानही त्याच जातीचे : अमेरिकेत ज्याला बफेलो म्हणतात तो प्राणी वस्तुतः बायसन. यात थोडी वकिली आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु वकिलीलाही कागद लागतो, आणि तो कागद पर्लरॉथच्या टिपणांत असे. रिप्लेची सारी पत या कागदावर उभी होती.

१९२९ मध्ये त्याच्या चित्रांचे पुस्तक निघाले. ते वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या हाती पडले आणि त्याने आपल्या न्यूयॉर्कच्या कचेरीला दोन शब्दांची तार केली की या माणसाला नोकरीस घ्या. तेथून पुढे पैसा असा वाहू लागला की, जागतिक मंदीत लाखो लोक बेकार हिंडत असता रिप्लेची वर्षाची मिळकत पाच लाख डॉलरच्या घरात गेली. जगातील तीनशेहून अधिक वृत्तपत्रे त्याची चौकट छापू लागली. पत्रांचे पोतेच्या पोते येई. पत्ता न लिहिता त्याला पत्र पोहोचविण्याची लोकांत चढाओढ लागली. कोणी सांकेतिक लिपीत नाव लिही, तर कोणी पाकिटाचा कोपरा नुसता फाडून टाकी, कारण इंग्रजीत फाडण्याला जो शब्द आहे तोच त्याच्या नावाचा आरंभ. अखेर टपालखात्याला वैतागून असली पत्रे पोहोचवली जाणार नाहीत असे जाहीर करावे लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने छापले की, अमेरिकेला राष्ट्रगीतच नाही. लोक ज्याला राष्ट्रगीत समजून उभे राहत होते त्याला कायद्याची मान्यता नव्हती. पुन्हा खळबळ माजली, सह्यांची मोहीम झाली, आणि ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी त्या कायद्यावर सही केली. हे एकट्या रिप्लेमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण इतरही अनेक जण त्यासाठी झटत होते. परंतु एका चित्रकाराने नुसते खरे सांगितल्यामुळे सरकारला कायदा करण्याची घाई झाली, हे नाकारता येत नाही.

खासगी आयुष्यात हा मनुष्य आपल्या चौकटीतील पात्रांच्या तोडीस तोड होता. न्यूयॉर्कजवळ त्याने एक छोटे बेट विकत घेतले आणि सदराच्या नावातील आद्याक्षरे जुळवून त्याला बायऑन असे नाव दिले. त्यावर अठ्ठावीस खोल्यांचा वाडा. वाड्यात मुखवटे, मूर्ती, छळाची यंत्रे, वाळवून लहान केलेली मनुष्यांची शिरे. मोटारी अनेक, पण त्याला मोटार चालवता येत नसे. दूरध्वनीतून विजेचा झटका बसेल म्हणून तो शक्यतो त्याला हात लावीत नसे. चीनवर त्याचा फार जीव. घरी चिनी झगा घालून वावरे आणि १९४६ मध्ये त्याने एक चिनी शिडाचे जहाजही खरेदी केले. लग्न १९१९ मध्ये झाले होते, ते काही वर्षांतच मोडले. पुन्हा त्याने लग्न केले नाही. घर सदैव पाहुण्यांनी गजबजलेले, मद्याचा ओघ वाहता, आणि यजमान मनातून तसाच लाजाळू.

१९३३ मध्ये शिकागोच्या विश्वप्रदर्शनात त्याने आपले नवलगृह मांडले. ऑड म्हणजे विचित्र, त्यावरून केलेले त्याचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहायला घेतले तर ते ऑडिटोरियम असेच उमटते आणि सभागृह वाटते. आपल्या लिपीला ही कोटी पेलत नाही. वीस लाखांवर लोक ते पाहून गेले. पाहणाऱ्यांना भोवळ आली तर आडवे होण्यासाठी खाटांची सोय होती असे म्हणतात. तेथे केवळ वस्तू नव्हत्या, जिवंत माणसेही होती. कोणाचे शरीर जन्मतः वेगळे, कोणी ते स्वतःच्या हाताने वेगळे केलेले. त्या मंदीत त्यांना पगार मिळाला हे खरे. परंतु काशीच्या घाटावरचा नाव नसलेला तपस्वी आम्हांला येथे पुन्हा आठवतो.

कागदावरून आवाजाकडे जाण्याचा त्याचा प्रवास १९३० पासूनच सुरू झाला होता. ज्याला वर्गात निबंध वाचवेना तो आता देशापुढे नभोवाणीवर बोलू लागला. ध्वनिक्षेपकासमोर हातपाय कापत. पण सवय झाली. तेथेच एक नवी अडचण उभी राहिली. वृत्तपत्रातील चौकटीत एक चित्र आणि दोन ओळी पुरतात. वाचक डोळे विस्फारतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. नभोवाणीवर अर्धा तास भरायचा, तर दोन ओळींची गोष्ट फुलवावी लागते. मग नट आले, संवाद आले, वाद्यवृंद आला, वादळाचे आवाज आले. एखाद्या माणसाचे विलक्षण नशीब हे आता विधान राहिले नाही, नाट्यप्रवेश झाले. नाटकाचा कायदा कागदाच्या कायद्याहून निराळा असतो. नाटकाला शेवट लागतो, योगायोग वेळेवर घडावा लागतो, बापाला मुलगा अखेरच्या क्षणी ओळखू यावा लागतो. पर्लरॉथच्या टिपणात पृष्ठक्रमांक असे. बापाच्या हुंदक्याला पृष्ठक्रमांक कोठून देणार?

दुसरे महायुद्ध आले आणि रिप्लेचे प्रवास थांबले. प्रकृती ढासळत होती, रक्तदाब वाढला होता. अशा वेळी, १ मार्च १९४९ रोजी, अमेरिकेच्या एनबीसी या जाळ्यावर त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा त्या देशातही शंभरांतील जेमतेम दोन-तीन घरांत हे यंत्र होते. आपल्याकडे दिल्लीला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू व्हायला आणखी दहा वर्षे, १५ सप्टेंबर १९५९ पर्यंत, थांबावे लागले आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत. चित्रफितीवर आधी नोंदवून मग दाखविण्याची सोय त्या वेळी नव्हती. जे काही व्हायचे ते प्रेक्षकांसमोर, त्याच घटकेला. नट वाक्य विसरला तर साऱ्या देशाला दिसे.

त्या काळी या माध्यमात एक नाट्यप्रकार रुजत होता. दर आठवड्याला नवी कथा, नवे नट, नवा प्रसंग. कायम राहणारा एकच, तो म्हणजे कथा सुरू करून देणारा निवेदक. आपल्या संगीत नाटकातील सूत्रधाराची आठवण व्हावी असा. रिप्लेच्या कार्यक्रमात या प्रकाराला आणखी एक धार होती : समोर जे दिसते ते नाटक असले तरी घडलेले आहे, याची हमी सूत्रधार स्वतः देत होता. आमच्या कीर्तनकारबुवांनीही उत्तररंगात नाना चमत्कारांची आख्याने रंगविली. परंतु याचा कागद आमच्याजवळ आहे असे ते कधी म्हणाले नाहीत आणि श्रोत्यांनी तो मागितला नाही. रिप्लेची गोष्ट निराळी होती. तीस वर्षे त्याने कागद दाखवून पत मिळविली होती, आणि आता त्या पतीवर नाटक उभे होते. पडद्यावर पुढे आलेले दात, अवघडलेली बोलण्याची ढब, आणि तरीही लोकांना तो आवडे. खोटे बोलायचे असते तर इतका अवघडलेला माणूस कोणी नेमला असता, असेच पाहणाऱ्यास वाटत असावे.

तेरावा कार्यक्रम २४ मे १९४९ रोजी झाला. त्याचा विषय होता टॅप्स, म्हणजे अमेरिकन सैन्यात दफनाच्या वेळी बिगुलावर वाजविण्यात येणारी चोवीस सुरांची धून. त्या कार्यक्रमातच रिप्लेची शुद्ध हरपली. त्याला रुग्णालयात नेण्यात आले आणि २७ मे रोजी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. दफनाच्या धुनीची कथा सांगता सांगता निवेदक कोसळतो, ही गोष्ट त्याच्याकडे कोणी धाडली असती तर त्याने ती पहिल्याच आठवड्यात छापली असती. त्याच्या चरित्रावर लिहिणारे बहुतेक सारे येथे थांबतात. आम्हांला मात्र पुढची गोष्ट अधिक अस्वस्थ करते.

टॅप्स या धुनीची एक करुण कथा अमेरिकेत घरोघरी सांगितली जाते. १८६२ सालचे यादवी युद्ध. उत्तरेकडील सैन्याचा एक कप्तान रात्री रणांगणावर कण्हण्याचा आवाज ऐकतो, सरपटत जाऊन त्या जखमी सैनिकाला आपल्या बाजूस ओढून आणतो. कंदील धरून पाहतो तो शत्रूच्या गणवेशातील मृत तरुण त्याचाच मुलगा. संगीत शिकण्यासाठी दक्षिणेत गेलेला, बापाला न कळवता तिकडच्या सैन्यात भरती झालेला. त्याच्या खिशातील कागदावर काही सूर लिहिलेले. बापाच्या विनंतीवरून एक बिगुलवाला दफनाच्या वेळी ते वाजवितो. ऐकताना डोळ्यांत पाणी उभे राहावे अशी कथा. आणि ती खरी नाही. त्या नावाचा कप्तान उत्तरेच्या सैन्याच्या नोंदींत सापडत नाही. ती धून जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातील छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी, एका जुन्या बिगुलधुनीत फेरफार करून, ऑलिव्हर नॉर्टन या बिगुलवाल्याकडून बसवून घेतली. नॉर्टनने स्वतः हे लिहून ठेवले आहे. बिगुलाच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात की, कप्तान आणि त्याच्या मुलाची ही कथा लोकांत पसरली ती रिप्लेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातूनच.

आपल्या भाषेत हा तंटा नवा नाही. बखरीत जे रंगवून सांगितले आहे त्याला अस्सल कागदाचा आधार आहे काय, हे विचारण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्य वेचले. बखरकाराच्या रसाळ पानापेक्षा त्यांना एखाद्या कारकुनाचे कोरडे पत्र अधिक मोलाचे वाटे. रिप्लेच्या चौकटीत तीस वर्षे कारकुनाचे पत्र होते. लिंडबर्ग प्रकरणी लोकांनी त्याला लबाड म्हटले तेव्हा तो पुराव्यानिशी खरा होता. कप्तानाच्या कथेच्या वेळी मात्र आजवर कोट्यवधी लोकांनी विश्वास ठेवला, कोणी निषेधाचे पत्र लिहिले नाही, आणि पुरावा नव्हता. खरे सांगितले तेव्हा शिव्या मिळाल्या. खोटे सांगितले गेले तेव्हा लोक रडले. कथा कोणी रचली, रिप्लेला ती खरी वाटत होती काय, की त्याने आपल्या आजारपणात नुसते समोर ठेवलेले वाचले, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. आमच्या बालपणीच्या घरात आजोबा जिंकले ते या एका कथेवर. लिंडबर्गचा हिशेब दाखविला असता तर ते हरले असते.

त्याच्यामागे कार्यक्रम थांबला नाही. निवेदकाच्या जागी पुढे रॉबर्ट सेंट जॉन हा वार्ताहर आला आणि १९५० पर्यंत तो चालला. सूत्रधार बदलला तरी नाटक चालते हे एकदा सिद्ध झाल्यावर त्या वाटेने इतरही आले. १९५९ ते १९६१ या काळात जॉन न्यूलँड याने निवेदन व दिग्दर्शन केलेली वन स्टेप बियाँड ही मालिका गाजली. पूर्वसूचना देणारी स्वप्ने, टायटॅनिक बुडण्यापूर्वी कोणाला तरी झालेला भास, असल्या कथा, आणि त्या घडलेल्या नोंदींवर आधारलेल्या असल्याची तीच ग्वाही. रिप्लेच्या मूळ नावाचा कार्यक्रमही १९८२ मध्ये जॅक पॅलन्स या नटाच्या निवेदनासह पुन्हा पडद्यावर आला. आमच्या बालपणीच्या चौकटीतील टाचण्या गिळणाऱ्या कुत्र्याचे चित्र, ते १९३७ मध्ये आपल्या घरच्या कुत्र्याविषयी चार्ल्स शुल्झ नावाच्या एका शाळकरी मुलाने काढून पाठविले होते. स्नूपी या कुत्र्याचा जनक म्हणून पुढे साऱ्या जगाने त्याला ओळखले. एकाच वृक्षाच्या लाकडाचे प्रार्थनामंदिर रिप्लेच्या स्वतःच्याच गावचे. १८७३ च्या सुमारास एकाच रेडवुड वृक्षाच्या फळ्यांतून ते बांधले, आणि रिप्लेची आई तेथे प्रार्थनेस जाई. त्याच गावी आईवडिलांशेजारी त्याला मूठमाती देण्यात आली. दफनभूमी ऑड फेलोज नावाच्या बंधुसंघाची, ज्याचा शब्दशः अर्थ विचित्र गडी असा होतो.

पर्लरॉथ मात्र रिप्लेच्या मृत्यूनंतरही रोज सकाळी ग्रंथालयात जात राहिला. सदर चालूच होते आणि त्याला टिपणे लागत होती. बावन्न वर्षे काम करून १९७५ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९८३ मध्ये वारला.